माजघरातली चाचणी : आठ इंची आरशाला आकार देताना

यंदाच्या पावसाळ्यात घासायला घेतलेला माझा दुर्बिणीचा आठ इंची आरसा गणपतीच्या सुमारास पूर्ण पॉलिश झाला. २०० मिलिमीटर व्यास, २४०० मिलिमीटर वक्रता त्रिज्या आणि म्हणून १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, अशी त्याची मापे आहेत. मध्यभागी काच कडेपेक्षा दोन मिलिमीटरांहून किंचित जास्त खोल आहे. कार्बोरंडमच्या ८० नंबरच्या भरड पुडीपासून सुरुवात करून क्रमाने बारीक पुडीपर्यंत जात, दोन काचा एकमेकींवर घासून ही खोली मिळते. त्या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. चिकाटी आणि स्वच्छता असली की ते काम होते. पॉलिश होऊन चकाकणारा आरसा मात्र अजून दुर्बिणीच्या कामाचा नसतो. तो एका मोठ्या गोलाचा तुकडा असतो, आणि दूरच्या ताऱ्याकडून येणारे किरण एका बिंदूत गोळा करायचे तर त्याला अन्वस्ताचा आकार लागतो. माझ्या मापांच्या आरशात, मध्यबिंदूशी एकमेकांना टेकलेले गोल आणि अन्वस्त हे दोन आकार कडेला पोहोचेपर्यंत एकमेकांपासून फक्त ०.९ मायक्रॉन दुरावतात. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असलेला हा फरक डोळ्यांनी पाहायचा, मोजायचा आणि हातांनी घडवायचा, एवढेच काम शिल्लक होते.

बेळगावात पावसाळ्यात आकाश दिसत नाही, हे या छंदातल्या माणसाला एका अर्थी सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास असलेल्या या पठारावर सह्याद्रीवरून येणारे ढग मुक्कामाला असतात, हवेत गारवा असतो आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. राळेच्या लॅपला, म्हणजे ज्यावर आरसा घासून पॉलिश करतात त्या राळ चढवलेल्या तबकडीला, असे स्थिर तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाळ्यात एरंडेल तेल घालून मऊ केलेली राळ बोटाखाली दबते आणि लॅपच्या खाचा बघता बघता बुजतात. तीच राळ श्रावणात नखाने जोर दिल्यावर जेमतेम खूण उमटण्याइतकी कडक राहते. राळ आणि एरंडेल दोन्ही आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. त्यांचे प्रमाण मात्र ज्याने त्याने आपल्या खोलीच्या तापमानाप्रमाणे ठरवावे, कारण दुसऱ्याचे प्रमाण आपल्याकडे चालतेच असे नाही.

पॉलिशचे काम मी टिळकवाडीतल्या घरी केले. चाचणी तेथे करणे शक्य नव्हते. आमच्या घरापासून दुसरे रेल्वे गेट जवळ आहे, आणि मालगाडी जाऊ लागली की चाचणीच्या मांडणीतले आरशाचे प्रतिबिंब थरथरू लागते. गाडी गेल्यावरही रस्त्यावरची वाहने असतातच. म्हणून चाचणीसाठी मी बेळगावाजवळच्या येळ्ळूर गावातल्या आमच्या जुन्या घराचा आसरा घेतला. तेथे चुलतभाऊ राहतो. घराच्या भिंती मातीच्या आणि हातभर जाड आहेत, माजघराला खिडकी नाही, आणि तांदळाची पोती ठेवायची ती लांबट खोली भर दुपारीही काळोखी असते. अडीच मीटरांची सरळ मोकळी जागा, थेट जमिनीवर बसलेली फरशी, स्थिर हवा आणि अंधार या चारही गोष्टी एका ठिकाणी देणारी प्रयोगशाळा मला शहरात शोधूनही मिळाली नसती.

चाचणी फूकोची आहे. लोलकाच्या प्रयोगाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे १८५१ मध्ये लोकांना प्रत्यक्ष दाखवणारा लेऑन फूको पुढे काचेवर चांदीचा मुलामा दिलेले आरसे करू लागला, आणि त्या आरशांचा आकार तपासण्यासाठी १८५८ च्या सुमारास त्याने ही रीत काढली. आरसा उभा ठेवायचा आणि त्याच्या वक्रता केंद्रापाशी, म्हणजे माझ्या बाबतीत २४०० मिलिमीटर अंतरावर, एका अरुंद फटीमागे लहानसा दिवा ठेवायचा. फटीतून निघालेला प्रकाश आरशावर जाऊन परत येतो आणि फटीच्या शेजारीच तिची प्रतिमा तयार होते. त्या प्रतिमेच्या लगेच मागे डोळा नेला की सगळा आरसा उजळलेला दिसतो. पॉलिश केलेली साधी काच पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के प्रकाश परत पाठवते, पण डोळा अंधाराला सरावलेला असेल तर तेवढा पुरतो. आता दाढीच्या पात्याची धार त्या प्रतिमेत बाजूने हळूहळू सरकवायची. पाते वक्रता केंद्राच्या अलीकडे, आरशाच्या बाजूला असेल तर आरशावरची सावली पाते ज्या दिशेने येते त्याच दिशेने सरकते. पाते केंद्राच्या पलीकडे असेल तर सावली उलट बाजूने येते. आणि आरसा खरोखर गोलीय असून पाते नेमके केंद्रावर असेल तर सावली कोणत्याच बाजूने न येता संपूर्ण आरसा एकाच वेळी राखाडी होऊन विझतो.

आरशाचा पृष्ठभाग कोठे उंच किंवा सखल असेल तर तेथून परतणारा किरण ठरलेल्या जागी येत नाही. पाते त्याला आधी अडवते किंवा उशिरा अडवते, आणि पृष्ठभागाच्या त्या भागावर सावली किंवा उजेड दिसतो. त्यामुळे जवळजवळ सपाट राखाडी दिसणाऱ्या तबकडीवर एकाएकी टेकड्या आणि दऱ्या उमटतात. अन्वस्त आरसा, पाते मध्यभाग आणि कड यांच्या वक्रता केंद्रांच्या दरम्यान ठेवून पाहिला तर एका बाजूने उजेड पडलेल्या मेदूवड्यासारखा दिसतो. मध्ये खळगा, भोवती फुगीर कडे आणि बाहेरच्या बाजूला उतार. तेथे प्रत्यक्षात वडा नाही की खळगा नाही, एका मायक्रॉनच्या अंशांतले चढउतार तेवढे आहेत, हे मनाला पटायला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी मी मांडणी लावून बसलो असताना वहिनी दारात आल्या. ‘भावजी, तांदूळ काढून घेऊ काय, का तुमचा उजेड हलतोय?’ असे त्यांनी विचारले. त्या आत येऊन गेल्यावर आरशासमोर धुरासारखे पट्टे वर चढताना दिसले आणि ते विरायला काही मिनिटे लागली. मी त्यांना पात्यामागे डोळा लावायला सांगून प्रकाशाच्या वाटेखाली माझा हात धरला, तेव्हा हाताच्या उबेने गरम झालेली हवा लाटालाटांनी वर जाताना त्यांना स्पष्ट दिसली. मग त्यांनी स्वतःचा हात धरून पाहिला, भावाला बोलावून त्याचाही हात धरायला लावला, आणि त्या दुपारी मोजमाप झाले नाही. पण फूकोच्या चाचणीची ताकद समजावून सांगायला यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही. दुसरा प्रयोग काचेचाच आहे. आरशाच्या पृष्ठभागावर अंगठा अर्धा मिनिट टेकवून ठेवायचा आणि लगेच पात्यामागून पाहायचे. अंगठा जेथे होता तेथे काच उबेने फुगलेली असते आणि तेवढ्या जागी एक स्पष्ट उंचवटा दिसतो. काच निवते तसा तो हळूहळू मावळतो.

अंगठ्याच्या उबेचे हे होते, तर पॉलिश करून नुकत्याच थांबवलेल्या आरशाचे काय होत असेल, याचा विचार करावा. लॅपवर घासताना काच तापते. तिची कड आधी निवते आणि मध्यभाग मागे राहतो, त्यामुळे लगेच चाचणी घेतली तर कड खाली वळल्यासारखी दिसते आणि नसलेला दोष दुरुस्त करण्याचा मोह होतो. साध्या जाड काचेचा उष्णतेने होणारा प्रसार पायरेक्स या उष्णतेने कमी फुगणाऱ्या काचेच्या जवळपास तिप्पट असतो, आणि माझा आरसा साध्या काचेचा आहे. त्यामुळे पाच मिनिटे पॉलिश केल्यावर दोन तास थांबणे, आणि शक्य असेल तेव्हा आरसा रात्रभर माजघरात ठेवून सकाळी पाहणे, हा नियम मी पाळला. टिळकवाडीतून येळ्ळूरला आरसा नेईपर्यंत तो निवलेला असतो असे वाटते. पण गाडीतल्या उन्हाने तो पुन्हा तापलेला असतो.

पात्याची मांडणी ज्या सरकपट्टीवर बसते ती उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून करून घेतली. बेळगावच्या ओतशाळा आणि लेथच्या दुकानांमुळे अशा कामासाठी येथे कोठे लांब जावे लागत नाही, आणि डायल गेज (बारीक सरकणे मोजणारे मापक) म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावेही लागत नाही. पट्टी कशासाठी हवी ते ऐकल्यावर तो टर्नर म्हणाला, ‘काच मोजायला काच लागत नाही ओ सर, लोखंडानंच मोजताय की!’ त्याचे म्हणणे बरोबर आहे. आरशाचा मायक्रॉन आपण थेट मोजत नाही. मोजतो ते पात्याचे पुढे-मागे सरकणे, आणि ते मिलिमीटरांत असते. अन्वस्ताच्या प्रत्येक वलयाची वक्रता त्रिज्या थोडी वेगळी असते, बाहेर जावे तशी ती वाढत जाते, आणि दिवा व पाते एकत्र सरकत असतील तर वाढ किती असावी ते एका साध्या सूत्राने मिळते: वलयाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट. दिवा स्थिर ठेवून फक्त पाते सरकवले तर हीच वाढ दुप्पट होते, म्हणून आपली मांडणी कोणत्या प्रकारची आहे ते आधीच लिहून ठेवावे.

वलये वेगळी करण्यासाठी आरशापुढे खिडक्या कापलेला पुठ्ठा ठेवतात. फ्रेंच खगोलविद आंद्रे कूडर यांच्या नावाने तो ओळखला जातो. आरशाचे समान क्षेत्रफळाचे चार भाग पाडले तर त्यांच्या मध्यत्रिज्या ३५.४, ६१.२, ७९.१ आणि ९३.५ मिलिमीटर येतात, आणि एका भागातून पुढच्या भागात जाताना पाते दर वेळी ०.५२ मिलिमीटर मागे न्यावे लागावे, असे गणित सांगते. समान क्षेत्रफळाच्या वाटणीचा फायदा हा की तीनही पायऱ्या सारख्या येतात, आणि कोठे कमी-जास्त आहे ते वहीत आकडे पाहताक्षणी कळते. समोरासमोरच्या डाव्या आणि उजव्या खिडकीत सावली एकाच वेळी उतरेल अशी पात्याची जागा शोधायची आणि डायलवरचा आकडा लिहायचा. सगळी मोजणी एवढीच असते. डायल मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचते, पण डोळा तेवढा नेमका नसतो. तेच वलय पुन्हा मोजले की आकडा पाच-सात शतांशांनी हलतो, म्हणून प्रत्येक वलय अनेक वेळा मोजून सरासरी घ्यावी. सर्वांत बाहेरच्या वलयात वाचन ०.१ मिलिमीटरने चुकले तर पृष्ठभागाच्या उंचीत साधारण २० नॅनोमीटरांचा फरक पडतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, आणि रॅलेच्या निकषाप्रमाणे परावर्तित तरंगातला दोष तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आत हवा असे मानले, तर आरशाच्या पृष्ठभागाला आठव्या हिश्श्याची, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरांची मुभा मिळते. त्यामुळे महागड्या मायक्रोमीटरच्या मागे लागण्यापेक्षा तेवढा वेळ शांत हवेत पुन्हा मोजण्यात घालवावा, असे माझे मत झाले आहे.

गोलीय आरशाला अन्वस्ताकडे नेण्यासाठी आरसा वर आणि लॅप खाली ठेवून इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचे लांब हात मारतात, ज्यात आरसा लॅपच्या कडेबाहेर बराच जातो आणि मध्यभाग जास्त झिजतो. काही सत्रांनंतर माझ्या वहीत तीन पायऱ्या अशा होत्या: ०.४५, ०.४१ आणि ०.२०. एकूण सरकणे १.५६ ऐवजी १.०६ मिलिमीटर होते, म्हणजे काम दोन तृतीयांशांच्या थोडे पुढे गेले होते; पण ते सगळीकडे सारखे नव्हते. आतल्या दोन पायऱ्या जवळ आल्या होत्या आणि बाहेरची अर्ध्याहूनही मागे होती, याचा अर्थ कडेचा पट्टा अजून गोलाकडेच रेंगाळत होता आणि तेथे काच जास्त उरली होती. अशा वेळी मध्यभाग आणखी खोल करत राहिलो तर आतल्या पायऱ्या मर्यादेबाहेर जाऊन आरसा मध्यापाशी अन्वस्ताच्या पुढे अपास्ताच्या आकाराकडे झुकतो आणि कड तशीच राहते. मी हात आणखी लांबवले, बाजूला जाणे वाढवले आणि सत्र तीन-चार मिनिटांवर आणले. लांब हातांची किंमत मला ठाऊक होती: काचेची अगदी शेवटची कड त्याने खाली वळते. आतल्या ९८ मिलिमीटरांचा आकार नीट बसत असेल तर शेवटचे दोन मिलिमीटर गमावायला हरकत नाही, असा हिशोब करूनच मी तो मार्ग घेतला. अखेरची वाचने ०.५०, ०.५३ आणि ०.४७ आली.

ही वाचने मिळाल्यावर आरसा लगेच बाजूला ठेवला नाही, कारण येथवर सगळा भरवसा एकाच मांडणीवर होता. उभा ठेवलेला आरसा त्याच्याच वजनाने किंचित वाकतो. खालचे दोन टेकू चुकीच्या जागी असले की ते वाकणे आकारातला दोष म्हणून दिसते. म्हणून आरसा एकदा पाव फेरी, मग अर्धी फेरी फिरवून प्रत्येक स्थितीत सगळी वलये मोजली. एखादा दोष आरशाबरोबर फिरला तर तो काचेत असतो, आणि आरसा फिरवूनही खोलीच्या त्याच बाजूला राहिला तर तो टेकूत किंवा हवेत असतो. माझ्याकडे डावी-उजवीकडे एक हलका फरक दिसत होता आणि तो जागचा हलला नाही. टेकू मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर नेल्यावर तो गेला. मग इटलीच्या वास्को रोंकी यांनी १९२३ मध्ये मांडलेली जाळीची चाचणी घेतली. मिलिमीटरला ४ रेषा असलेली बारीक जाळी पात्याच्या जागी धरली की आरशावर काळे पट्टे दिसतात, आणि ते कडेपाशी हुकासारखे वळले तर कड पडली आहे हे मोजणीशिवाय कळते. रोंकीचे पट्टे आकडे देत नाहीत, पण फूकोची वाचने ज्या शेवटच्या दोन मिलिमीटरांपर्यंत पोहोचत नाहीत ते दाखवतात. तेथे कड अपेक्षेप्रमाणे वळलेली होती.

वेगळ्या रीतीने पुन्हा तपासण्याचा हा हट्ट अनाठायी वाटत असेल तर हबल दुर्बिणीची हकीकत आठवावी. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या त्या दुर्बिणीचा २.४ मीटरचा मुख्य आरसा अत्यंत गुळगुळीत आणि अत्यंत नेमका होता, फक्त चुकीच्या आकाराचा होता. चाचणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते, आणि त्या उपकरणावर विसंबून घडवलेला आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. कमी नेमक्या समजल्या गेलेल्या दुसऱ्या चाचण्यांत ही गडबड दिसली होती, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा बसवली. याच्या काही वर्षे आधी, १९८६ मध्ये, कावलूरच्या वेधशाळेत २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण सुरू झाली, जिचा आरसा बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने स्वतः घासून आणि पॉलिश करून घडवला. एवढा मोठा आरसा आपल्याकडे झाला हे बेळगावात दुर्बिणीविषयी बोलताना फारसे कोणी सांगत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या आरसे घासण्याच्या कार्यशाळांविषयी मात्र येथल्या हौशी लोकांना बऱ्यापैकी माहीत असते.

दसऱ्यानंतर आकाश उघडले तेव्हा मुलामा न दिलेला आरसाच नळीत बसवून ताऱ्यावर पाहिले. मुलाम्याविना ताऱ्याची तेजस्विता सुमारे साडेतीन प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप) घटते, म्हणून ठळक ताराच लागतो. ट्रॅकिंगच्या मोटरविना चाचणी करायची तर न हलणारा ध्रुव सोयीचा, असे पुस्तकांतून सांगतात. आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर असतो आणि येळ्ळूरहून पाहिले तर बरोबर बेळगाव शहराच्या उजेडावर येतो. एवढ्या खालच्या हवेतून ताऱ्याची वलये उकळत्या पाण्यातून पाहिल्यागत हलतात. त्यापेक्षा संध्याकाळी पश्चिमेकडे पुरेसा उंच असलेला अभिजित हातांनी नळी ढकलत ठेवून पाहणे मला जास्त उपयोगी वाटले. नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) नाभीच्या थोडी आत आणि मग तेवढीच बाहेर नेली की तारा वलयांच्या तबकडीत पसरतो, आणि दोन्ही बाजूंची वलये सारखी दिसली तर आरशाचा आकार ठीक आहे असे समजायचे. माझ्या आरशाची आतली वलये दोन्ही बाजूंना सारखी होती. एका बाजूला सर्वांत बाहेरचे वलय मात्र धूसर होते, आणि ते वळलेल्या कडेचे काम होते.

ती कड सरळ करता येते. लहान हातांनी आरसा पुन्हा गोलाकडे नेऊन सगळा आकार नव्याने घडवायचा, किंवा कडेवर स्थानिक झीज करायची आणि त्याबरोबर बाहेरचे वलय बिघडण्याचा धोका पत्करायचा. मी काळ्या कागदाची २ मिलिमीटर रुंदीची कडी कापून आरशाच्या कडेवर बसवली. त्याने व्यास २०० वरून १९६ मिलिमीटरांवर आला आणि ४ टक्के प्रकाश गेला, जो डोळ्याला जाणवत नाही. धूसर वलय मात्र गेले. आता कडी काढून आरसा ॲल्युमिनियमच्या मुलाम्यासाठी द्यायचा आहे, आणि परत आल्यावर पुन्हा तीच कडी बसवायची आहे, यावेळी कागदाऐवजी पातळ काळ्या पत्र्याची.